जर्मन ‘शाउअर’ इंग्रजीकडून घेतलेला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जगभरातल्या पावसाच्या शब्दांवर जो लेख आला तो आवडला, खूप दिवसांनी असं काही वाचायला मिळालं, पण त्यात जर्मनबद्दल जे एकच वाक्य आहे ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय. लेखात म्हटलंय की जर्मन लोक पावसाच्या सरीला ‘शाउअर’ म्हणतात आणि हा शब्द त्यांनी इंग्रजी ‘शॉवर’वरून घेतलाय. असं नाहीये. मी पुण्यात जर्मन शिकवते, आणि सोमवारी बॅचमधल्या मुलांनी तेच कात्रण फोनवर दाखवलं, एकीने तर वहीत शाउअर या शब्दापुढे ‘इंग्लिश’ असं लिहूनही टाकलं होतं. पेपरात छापून आलेलं मुलं खरं मानतात, मानायलाच हवं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पत्र लांबलंय, काटछाट केलीत तरी चालेल पण तेवढं गारांचं ठेवा.

आधी वयाचं बघू. या शब्दाची जी सगळ्यात जुनी लिखित नोंद आपल्याकडे आहे ती गॉथिक भाषेतली आहे, म्हणजे जर्मन, इंग्रजी, डच, स्वीडिश या सगळ्या भाषांच्या कुळातली एक बहीण, जी आता कोणी बोलत नाही. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबल गॉथिकमध्ये आणलं, आणि मार्कच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात तो प्रसंग आहे ना, येशू नावेत झोपलेला असतो, सरोवरात वादळ उठतं, लाटा नावेत शिरायला लागतात आणि शिष्य घाबरून त्याला उठवतात, तिथे वुल्फिलाने शब्द वापरलेत ‘स्कूरा विंदिस मिकिला’. विंदिस म्हणजे वाऱ्याचं, मिकिला म्हणजे मोठं, आणि स्कूरा म्हणजे आपला शाउअर. वाऱ्याचं मोठं वादळ. सहाव्या शतकातली त्याची प्रत, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली, आज स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात आहे. आता सांगा, चौथ्या शतकात इंग्रजी होती कुठे? अँगल आणि सॅक्सन लोक उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरून ब्रिटनमध्ये गेले तेच मुळात पाचव्या शतकात, आणि जाताना बाकीच्या शब्दांबरोबर हाही घेऊन गेले. म्हणजे उलट बघायचं तर इंग्रजांचा शॉवरच तिकडून गेलेला आहे.

मग दोन्ही शब्द इतके सारखे का वाटतात हे मुलं लगेच विचारतात, आणि हा प्रश्न मला फार आवडतो कारण इथे भाषा कशी चालते ते अगदी डोळ्यासमोर दिसतं. जुन्या जर्मनमध्ये लांब ‘ऊ’ होता. घर म्हणजे हूस, उंदीर म्हणजे मूस, आणि आपला शब्द होता स्कूर. साधारण बाराव्या शतकापासून ऑस्ट्रिया आणि बव्हेरियाच्या बाजूने या लांब ऊ चा ‘आउ’ व्हायला लागला आणि तो बदल हळूहळू उत्तरेकडे सरकत गेला, मग हूसचं हाउस झालं, मूसचं माउस, आणि स्कूरचं शाउअर. लॅटिनमधून फार आधी घेतलेला मूरुस म्हणजे भिंत, त्याचंही माउअर झालं, बर्लिनच्या भिंतीला जर्मन लोक माउअर म्हणतात तोच हा शब्द. इंग्रजीतही हाच बदल झाला पण स्वतंत्रपणे आणि काही शतकं उशिरा, म्हणून तिकडेही हूसचं हाउस, मूसचं माउस आणि स्कूरचं शॉवर. सुरुवातीच्या ‘स्क’चा ‘श’ दोन्हीकडे झाला, स्वीडिश लोकांनी मात्र तो केलाच नाही, ते अजूनही सरीला स्कूर म्हणतात. आणि जर्मनीतच हॅम्बुर्गच्या बाजूला जी प्लाट बोली आहे तिथे आउ पोचलाच नाही, तिथली जुनी माणसं आजही शूर म्हणतात आणि घराला हूस. इंग्रजीतून घेतलेला शब्द असता तर शेतकऱ्याच्या बोलीत असा जुन्या ऊ सकट कशाला राहिला असता? दोन भाषांनी एकच जुना शब्द आपापल्या घरी सांभाळला, इतकीच गोष्ट आहे.

दुसरं म्हणजे लेखात शाउअरचा अर्थ ‘हलकी, नाजूक सर’ असा दिलाय, त्याबद्दल मला जास्त वाईट वाटलं. या शब्दात मुळात नाजूक काहीच नाही. जर्मन भाषेतली सगळ्यात जुनी वीरकथा म्हणजे हिल्डेब्रांडची, बाप आणि मुलगा समोरासमोर लढायला उभे राहतात आणि समोर आपलाच बाप आहे हे मुलाला माहीत नसतं, म्हणजे बाप सांगतो पण मुलाला ते पटत नाही. साधारण ८३० च्या सुमाराला फुल्डाच्या मठात कोणीतरी धर्मग्रंथाच्या वहीत पुढच्या-मागच्या रिकाम्या पानांवर ती लिहून घेतली, जागा संपली आणि गोष्ट अर्धीच राहिली, शेवट काय झाला ते त्या पानांत नाही. ती दोन पानं कासेल शहरात आहेत, दुसऱ्या महायुद्धानंतर ती चोरीला जाऊन अमेरिकेत पोचली होती आणि त्यातलं पहिलं पान परत यायला १९७२ उजाडलं. तर त्या कथेत लढाई सुरू होते तेव्हा दोघं एकमेकांवर अॅश झाडाच्या लाकडाचे भाले फेकतात आणि तिथे शब्द आहेत ‘स्कार्पेन स्कूरिम’, धारदार सरींमध्ये. भाले येऊन ढालीत रुततात. आपल्याकडे बाणांचा वर्षाव म्हणतात अगदी तसं. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी जर्मन माणसाला स्कूर म्हटलं की डोळ्यासमोर काय यायचं ते यावरून कळतं, वरून वेगाने येणारं, लागणारं, ज्याच्यापासून ढाल धरावी लागते असं काहीतरी.

शब्दाच्या अजून मागे गेलं तर भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं लॅटिन ‘काउरुस’शी लावतात, म्हणजे वायव्येकडून येणारा वारा, आणि लिथुआनियन ‘श्याउरे’ आणि रशियन ‘सेव्हेर’शी, या दोन्हींचा अर्थ उत्तर दिशा. थंड दिशेकडून येणारं वादळ. आणि गंमत वाटेल पण आजसुद्धा उत्तर जर्मनीत शाउअर बहुतेक वेळा त्याच दिशेने येतात. थंड हवेची आघाडी निघून गेली की तिच्या पाठीमागे वायव्येकडून नॉर्थ सी वरून गार हवा येते, खाली समुद्राचं पाणी तिच्यापेक्षा उबदार असतं, त्यामुळे खालची हवा तापून वर उसळते आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग तयार होतात, एकेक ढग येतो, दहा-वीस मिनिटं झोडपून जातो, मध्ये लख्ख ऊन पडतं, मग पुढचा. एप्रिलमध्ये हे फार होतं, कधी पाऊस, कधी बर्फाचे बारीक मणी, कधी ऊन, सगळं एका दुपारी, त्यावरून तिकडे म्हण आहे की एप्रिल त्याला हवं तेच करतो.

आता गारांचं, ज्याच्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाच्या खेड्यांत शाउअर या शब्दाचा जुना अर्थ पाऊस नाहीच, गारपीट आहे. पुस्तकी जर्मनमध्ये गारांना ‘हागेल’ म्हणतात, पण दक्षिणेतला म्हातारा शेतकरी शाउअर म्हणाला तर तो गारांबद्दल बोलतोय असं धरून चालावं. येशूच्या स्वर्गारोहणाचा सण गुरुवारी येतो, त्याच्या दुसऱ्या दिवसाचं नावच ‘शाउअरफ्रायटाग’, गारांचा शुक्रवार. त्या दिवशी गावातली माणसं क्रॉस पुढे धरून प्रार्थना म्हणत शेतांच्या कडेने चालत जायची, यंदा गारा पडू नयेत म्हणून, काही गावांत अजूनही जातात. दिवस कधी येतो बघा, मे मध्ये नाहीतर जूनच्या सुरुवातीला, गहू-जव उभे असतात, द्राक्षवेलींना नवीन फूट असते, आणि गडगडाटी ढगांचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. शेताच्या बांधावर लाकडी क्रॉस उभे करायचे त्यांनाही शाउअरक्रॉइत्स म्हणतात. नाशिककडच्या बागाईतदाराला हे मी समजावून सांगायची गरज नाही, हातात आलेलं पीक पंधरा मिनिटांत आडवं होणं म्हणजे काय ते त्याला माहीत आहे.

आणि ही काही फक्त जुन्या काळची गोष्ट नव्हे. १२ जुलै १९८४ ला संध्याकाळी म्युनिकवर जी गारपीट झाली तिच्यात टेनिसच्या चेंडूएवढ्या गारा पडल्या, साधारण ४०० माणसं जखमी झाली, गाड्या, छपरं, काचा, ग्रीनहाऊसेस सगळ्याचा चुराडा, विमानतळावर उभी असलेली विमानंसुद्धा सुटली नाहीत, आणि जर्मन विमा कंपन्या अजून त्या दिवसाचा दाखला देतात. २८ जुलै २०१३ ला रॉयटलिंगेन आणि ट्युबिंगेनच्या बाजूला परत तसंच झालं. रोजेनहाइमच्या भागात उन्हाळ्यात छोटी विमानं ढगांच्या खालून जाऊन सिल्व्हर आयोडाइड सोडतात, गारा मोठ्या होऊ नयेत म्हणून. पूर्वी क्रॉस घेऊन जायचे, आता विमान पाठवतात, भीती तीच आहे. अशा शब्दाला ‘नाजूक सर’ म्हणून सोडून द्यायचं मला पटत नाही.

भीतीवरून आठवलं, शाउअरचा अजून एक अर्थ रोजच्या बोलण्यात आहे, शहारा. पाठीवरून शाउअर धावत गेला असं जर्मनमध्ये म्हणतात, आपण अंगावर काटा आला म्हणतो तिथे. जुन्या जर्मनमध्ये ताप चढताना जी हुडहुडी भरते तिलाही हाच शब्द होता. शहारण्याला ‘शाउडर’ असा अजून एक शब्द उत्तरेकडून आला आणि दोघांची सरमिसळ होऊन हा अर्थ पक्का झाला. त्यावरून ‘शाउरिग’ म्हणजे भयाण, आणि भुताखेतांच्या पडक्या वाड्यांच्या कादंबऱ्यांना अठराव्या शतकाच्या शेवटापासून ‘शाउअररोमान’ म्हणतात. माझ्या एका विद्यार्थ्याने याचं भाषांतर ‘पावसाळी कादंबरी’ केलं होतं, त्याचा दोष नाही, डिक्शनरीत पहिला अर्थ पाऊसच दिलेला असतो.

पण आवाज जुळला की नातं जुळलं असंही धरायचं नाही, हेच तर मला लेखाबद्दल म्हणायचंय. हॅम्बुर्गच्या बंदरात जहाजातून पोती उतरवणाऱ्या हमालांना ‘शाउअरलॉइटं’ म्हणायचे, कंटेनर आले आणि ते काम गेलं, शब्द राहिला. ऐकून कोणालाही वाटेल की भर पावसात काम करणारी माणसं म्हणून हे नाव, पण तो शब्द डच भाषेतल्या ‘शाउवेन’ या क्रियापदावरून आलाय, अर्थ ओझं ओढणं, वाहणं. उत्तरेकडे शेडला किंवा पडवीलाही शाउअर म्हणतात, ती ‘शॉइनं’ म्हणजे धान्याचं कोठार याच्या घरातली. आणि नाटकाला बसलेला प्रेक्षक तो ‘त्सूशाउअर’, तो ‘शाउएन’ म्हणजे बघणे यावरून. चार शब्द, आवाज एक, एकाचाही दुसऱ्याशी संबंध नाही. म्हणून आजकाल व्हॉट्सअॅपवर जे फिरतं ना, अमुक जर्मन शब्द आपल्या तमुक मराठी शब्दावरून निघाला, ते वाचून मला फार वाईट वाटतं, शाउअर आणि ‘सर’ यांचंही जुळवून दिलेलं मी पाहिलंय. नातं सांगायचं तर आवाज कसकसे बदलत गेले ते एकेक पायरीने दाखवावं लागतं, हाउस-माउसचं वर दाखवलं तसं.

अर्थाने मात्र आपल्याकडे फार जवळचा शब्द आहे, कोकणात म्हणतात ते ‘शिरवं’. क्षणात आलं, क्षणात गेलं, मागे ऊन. मी क्लासमध्ये हाच सांगते आणि मुलांना तो लगेच कळतो, शाळेतली श्रावणाची कविता पाठ असते ना.

बाथरूमचं पण सांगून टाकते कारण गोंधळ बहुतेक तिथूनच सुरू झाला असावा. आपल्याकडे शॉवर म्हटलं की आधी नळच आठवतो. जर्मनमध्ये शाउअर बाथरूममध्ये कधीच नसतो, तिथे असते ‘दुशं’, ती फ्रेंचांकडून आली आणि फ्रेंचांनी इटालियन ‘दोच्चा’वरून घेतली. म्हणजे उसना शब्द शोधायचाच असेल तर तो हा आहे! दर नवीन बॅचमध्ये कोणीतरी सकाळी उठून शाउअर घेतो असं वाक्य लिहितंच.

आता याचा आज कोणाला काय उपयोग असं कोणी म्हणेल, तर उपयोग आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याबरोबर इथले कुशल कामगार तिकडे पाठवायचा करार केला, तेव्हापासून माझ्याकडे नर्सिंगच्या मुली, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर असे कितीतरी जण जर्मन शिकायला येतात, सातारा, लातूर, जालना कुठून कुठून. ही मुलं तिकडे गेल्यावर सकाळी सायकलने नाहीतर बसने कामावर जाणार आणि निघताना फोनवर हवामान बघणार. ओफेनबाखला जर्मनीचं हवामान खातं आहे, डॉयचर वेटरडीन्स्ट, त्यांच्या भाषेत ‘रेगेन’ आणि ‘शाउअर’ हे दोन वेगळे प्रकार आहेत, जास्त-कमी असं नाही. रेगेन म्हणजे पसरट थरांच्या ढगातून, मोठ्या भागावर, बराच वेळ एका लयीत पडणारा. शाउअर म्हणजे उभ्या वाढलेल्या ढगातून, अचानक सुरू, अचानक बंद, या गल्लीत पडेल आणि पुढच्या गल्लीत रस्ता कोरडा. अंदाजात नुसतं ‘रेगेन’ असेल तर रेनकोट घालून निघायचं, वाट बघून काही फायदा नाही. ‘आइनत्सेल्नं शाउअर’ म्हणजे तुरळक सरी असं असेल तर बसस्टॉपच्या छपराखाली जरा थांबलात तरी भागतं, रडारचं चित्र बघून लोक नेमकं तेच करतात. आणि थेंब अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतील तर तो ‘नीझल’, त्याला रेगेनही म्हणत नाहीत नीट.

अजून एक, तिकडे पाऊस मिलिमीटरपेक्षा लिटरमध्ये सांगतात, एका चौरस मीटरवर किती लिटर. घाबरायचं कारण नाही, एक लिटर म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. तासाभरात १५ ते २५ लिटर पडणार असेल तर ‘श्टार्करेगेन’चा म्हणजे जोरदार पावसाचा इशारा येतो, २५ च्या वर गेला तर रंग लाल होतो, आणि ४० च्या वर तो सगळ्यात वरच्या पायरीचा इशारा. आपल्या मुलांना तासाला वीस मिलिमीटर म्हणजे काहीच वाटत नाही, आपल्याकडे घाटात त्याच्या कितीतरी पट बघितलेला असतो, पण तिथली गटारं, ओढे, दऱ्यांतली गावं त्या पावसासाठी बांधलेली नाहीत. जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यात आणि आसपास जो पूर आला त्यात जर्मनीत १८० हून जास्त माणसं गेली. तो शाउअर नव्हता, जागेवर थांबून राहिलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याचा सलग पाऊस होता, आणि हाच फरक या शब्दांत आहे. इशारा वाचणाऱ्याला तो कळायला हवा.

एवढी विनंती आहे की येत्या रविवारी छोटी का होईना दुरुस्ती छापा, लेखकांना माझं हे पत्रही दाखवा, त्यांच्यावर राग अजिबात नाही, जपानी शब्दांवर त्यांनी जी मेहनत घेतलीय ती दिसते. दुरुस्तीत शब्दाचं लिंगही द्याल तर बरं होईल, देअर शाउअर, पुल्लिंगी, आणि अनेकवचनही शाउअरच, कारण मराठीत ‘ती सर’ म्हणून मुलं हमखास ‘डी शाउअर’ लिहितात आणि मार्क जातात. पुढच्या महिन्यात आमच्या मुलांची बी-वनची, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीची परीक्षा आहे, ऐकण्याच्या पेपरात हवामानाचा अंदाज येऊ शकतो, त्याच्या आत आलं तर फारच उत्तम.

आपली नम्र,
एक जर्मन शिक्षिका, पुणे